कॅल्शियम १४, पीटीएच ६

आमच्या प्रयोगशाळेच्या अहवालावर मर्यादेबाहेरच्या आकड्यापुढे बाण छापला जातो. आकडा वाढलेला असेल तर वरचा, घटलेला असेल तर खालचा. अहवाल हातात पडला की नातेवाईक आधी बाण शोधतात आणि मग फोन करतात. कर्करोगाच्या रुग्णाचे कॅल्शियम वाढलेले असते तेव्हा मला विचारला जाणारा प्रश्न बहुधा वरच्या बाणाबद्दल नसतो, तो खालच्या बाणाबद्दल असतो. मागच्या पावसाळ्यात शिरोळ तालुक्यातल्या एका मुलाने आईच्या अहवालावरून विचारले, "मॅडम, कॅल्शियमचं डॉक्टर बघत्यात, पण हे पीटीएच लई कमी आलंय. ते वाढवायचं इंजेक्शन मिळतंय काय?" आईला गालाच्या आतल्या बाजूचा कर्करोग होता, तो मानेतल्या गाठींपर्यंत पसरला होता, आणि तरुणपणापासून मिश्री लावण्याची सवय होती. कॅल्शियम १४ च्या वर आणि पीटीएच, म्हणजे कॅल्शियम सांभाळणारे पॅराथायरॉइड ग्रंथींचे संप्रेरक, ६ पिकोग्रॅम.

त्याचा प्रश्न चुकीचा असला तरी अजिबात बावळट नव्हता. ज्याचा आकडा कमी ते औषधाने भरून काढायचे, हा नियम हिमोग्लोबिन, थायरॉइड, ब-१२ यांच्या बाबतीत त्याने घरात पाहिलेला होता. पीटीएचच्या बाबतीत मात्र तो लागू पडत नाही, आणि का पडत नाही हे समजले की या विकाराची निम्मी कहाणी समजते. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

गळ्यात थायरॉइडच्या पाठीमागे साधारणपणे चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, प्रत्येक तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी. रक्तातले कॅल्शियम किंचित घसरले तरी त्या पीटीएच हे संप्रेरक सोडतात. ते हाडांतून कॅल्शियम सोडवते, मूत्रपिंडाला कॅल्शियम राखायला सांगते आणि ड जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप, म्हणजे कॅल्सिट्रायॉल, वाढवून आतड्यातून होणारे शोषणही वाढवते. कॅल्शियम चढले की या ग्रंथी काही मिनिटांत हात आखडता घेतात, आणि पीटीएचचे रक्तातले आयुष्यच काही मिनिटांचे असल्यामुळे त्याची पातळी लगेच खाली येते. निरोगी माणसात ती साधारण १५ ते ६५ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर असते. कॅल्शियम १४ असताना पीटीएच ६ असणे याचा अर्थ ग्रंथी ठणठणीत आहेत आणि आपल्यापुरते जे करायचे ते त्यांनी केले आहे. त्या बाईंचे पीटीएच ४५ आले असते, म्हणजे अहवालावर एकही बाण नसता, तर मी जास्त चक्रावले असते. कारण इतक्या कॅल्शियमपुढे ४५ हा आकडा मर्यादेत असूनही अवाजवी ठरतो आणि दोषी म्हणून ग्रंथींकडेच बोट दाखवतो.

हे केवळ पुस्तकी नाही. वाढलेल्या कॅल्शियमची सुमारे ९० टक्के प्रकरणे दोनच कारणांत बसतात: पॅराथायरॉइडची स्वतःची गाठ, जी बहुतेक वेळा साधी असते, आणि कर्करोग. ज्याला कर्करोग आहे त्याला पॅराथायरॉइडची साधी गाठ होणार नाही, असा काही करार झालेला नसतो. म्हणून कर्करोगाचे निदान पक्के असले तरी पीटीएच तपासावेच, हा माझा आग्रह आहे आणि त्यासाठी मी ओळखीच्या फिजिशियन मंडळींशी पुष्कळदा वाद घातला आहे. बाकीच्या महागड्या तपासण्या नंतर.

पीटीएच दबलेले असेल तर कॅल्शियम वाढवते कोण, हा प्रश्न वैद्यकशास्त्राला बराच काळ छळत होता. १९४१ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या एका रुग्णाबद्दल फुलर अल्ब्राइट यांनी एक शंका मांडली. रुग्णाला मूत्रपिंडाचा कर्करोग होता, तो हाडात उतरला होता, आणि कॅल्शियम वाढलेले असताना फॉस्फेट मात्र कमी होते. हाड नुसते विरघळत असेल तर कॅल्शियमबरोबर फॉस्फेटही रक्तात यायला हवे; ते कमी आहे, त्या अर्थी गाठच पीटीएचसारखे काहीतरी सोडत असावी, असा त्यांचा तर्क होता. गाठीत पीटीएच शोधले गेले, पण सापडले नाही. तर्क बरोबर होता, पदार्थ वेगळा होता. तो १९८७ मध्ये वेगवेगळ्या गटांनी फुप्फुस, स्तन आणि मूत्रपिंडाच्या गाठींतून वेगळा काढला. त्याला पीटीएचआरपी, म्हणजे पीटीएचशी नाते असलेले प्रथिन, म्हणतात. दोघांची जनुके वेगळ्या गुणसूत्रांवर असतात, परंतु सुरुवातीच्या १३ अमिनो आम्लांपैकी ८ सारखीच असतात आणि तेवढ्या साम्यावर पीटीएचआरपी त्याच ग्राहीला, म्हणजे पेशीवरच्या संदेश घेणाऱ्या जागेला, जाऊन बसते. हाड आणि मूत्रपिंड फसतात. आमची यंत्रे फसत नाहीत, कारण हल्लीची पीटीएचची चाचणी रेणूला दोन्ही टोकांकडून पकडते. म्हणूनच त्या बाईंच्या रक्तात एका संप्रेरकाचा सुळसुळाट असूनही अहवालावर ६ आले.

पीटीएचआरपी मुळात काही वाईट द्रव्य नव्हे. गर्भाच्या वाढीत त्याचे काम असते, आणि अंगावर पाजणाऱ्या आईच्या स्तनात ते तयार होऊन तिच्या हाडांतले कॅल्शियम दुधासाठी मोकळे करते. गाठ ते मात्रेबाहेर आणि अवेळी बनवते. विशेषतः त्वचेसारख्या चपट्या पेशींपासून होणारे कर्करोग, म्हणजे तोंड, घसा, अन्ननलिका, फुप्फुस आणि गर्भाशयमुख यांचे, यात पुढे असतात; त्याखेरीज मूत्रपिंड, मूत्राशय, स्तन आणि बीजांडकोश यांचेही. कर्करोगातल्या वाढत्या कॅल्शियमच्या दर पाच प्रकरणांपैकी सुमारे चारांत हेच प्रथिन असते. उरलेल्यांत बहुतेक वेळा कर्कपेशी हाडात घर करून तिथल्या तिथे हाड पोखरणाऱ्या पेशींना, म्हणजे ऑस्टिओक्लास्टना, चिथावतात. मल्टिपल मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेतल्या पेशींचा कर्करोग, हे त्याचे ठळक उदाहरण. अगदी थोड्या प्रकरणांत, विशेषतः लिम्फोमात, म्हणजे लसिका पेशींच्या कर्करोगात, गाठ स्वतःच कॅल्सिट्रायॉल बनवते. मिश्री, मावा आणि गुटखा यांचा आमच्या भागातला वावर लक्षात घेता पहिल्या गटातले रुग्ण माझ्या टेबलावर जास्त येतात, यात नवल नाही.

आता आकड्याविषयी थोडे, कारण इथे घोळ होतो. रक्तातले जवळजवळ निम्मे कॅल्शियम अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेले असते आणि काम करते ते फक्त मोकळे कॅल्शियम. कर्करोगाने खंगलेल्या माणसाचे अल्ब्युमिन कमी असते, त्यामुळे एकूण कॅल्शियम असते त्यापेक्षा सौम्य दिसते. त्या बाईंचे मोजलेले कॅल्शियम १२.९ मिलिग्रॅम होते आणि अल्ब्युमिन २.५ ग्रॅम. अल्ब्युमिन ४ पेक्षा जितके ग्रॅम कमी, तितक्या वेळा ०.८ मिळवायचे, हा नेहमीचा हिशेब. दीड ग्रॅमची तूट, म्हणून १.२ अधिक, म्हणजे १४.१. बारापर्यंत सौम्य, बारा ते चौदा मध्यम आणि चौदाच्या पुढे तीव्र, अशी ढोबळ वर्गवारी आहे, त्यामुळे या दुरुस्तीने रुग्णाची वर्गवारीच बदलली. हे सूत्र अंदाजाचे आहे. जिथे मोकळे कॅल्शियम थेट मोजणारे यंत्र आहे तिथे तेच मोजावे. रक्त काढताना दंडावर पट्टा बराच वेळ आवळून ठेवला तर आकडा खोटा वाढतो, आणि ज्या हातात सलाइन चालू आहे त्याच हातातून नमुना घेतला तर तो खोटा उतरतो. दुसरा प्रकार रात्रपाळीत घडतो, आणि मग सकाळी कॅल्शियम एकदम सुधारले म्हणून सगळे खूश होतात.

पीटीएचआरपीची तपासणी करावी का? कोल्हापुरात आम्ही हा नमुना घेतो तेव्हा त्याला प्रथिन विघटित होऊ न देणारे द्रव्य असलेली वेगळी नळी लागते, रक्त काढताच ती बर्फात ठेवावी लागते, थंड राखूनच फिरवून रक्तद्रव वेगळा करावा लागतो आणि मग गोठवलेला नमुना बाहेरगावच्या मोठ्या प्रयोगशाळेत जातो. वाटेत बर्फ वितळला तर प्रथिन मोडते आणि अहवाल खोटा कमी येतो. शिवाय उत्तर यायला दिवस लागतात आणि १४ चे कॅल्शियम तेवढे थांबत नाही. चपट्या पेशींचा पसरलेला कर्करोग माहीत आहे, पीटीएच दबलेले आहे, अशा वेळी ही तपासणी पहिल्या आठवड्याच्या उपचारात काहीही बदल घडवत नाही. तो पैसा औषधाला ठेवावा, असे मी स्पष्ट सांगते. मात्र मूळ गाठच सापडत नसेल किंवा औषध देऊनही कॅल्शियम उतरत नसेल, तर ती तपासणी कामाची. पीटीएचआरपी फार चढलेले असेल तर हाडांवरच्या औषधांना प्रतिसाद कमी मिळण्याचा संभव असतो.

त्याऐवजी एक स्वस्त तपासणी मी आधी सुचवते: रुग्णाची औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायची. या बाईंच्या मुलाने दिलेल्या पिशवीत दुखऱ्या सांध्यांसाठी गावच्या दुकानातून आणलेल्या कॅल्शियमच्या गोळ्यांची अर्धी पट्टी आणि ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुड्या निघाल्या. पुडी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. रोज घेणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि वरून सहा लाख युनिटचे इंजेक्शन टोचून घेतलेलीही. अशा विषबाधेतही कॅल्शियम चढते आणि पीटीएच दबते, म्हणजे अहवाल कर्करोगासारखाच दिसतो. फरक सांगते ती ड जीवनसत्त्वाची, २५-हायड्रॉक्सीची, तपासणी. ती १५० नॅनोग्रॅमच्या वर गेली तर संशय बळावतो. बाईंची ती पातळी उलट कमीच निघाली. पुड्यांची तारीख उलटून गेली होती आणि कोणी त्या उघडल्याच नव्हत्या.

उपचाराची सुरुवात औषधाने नव्हे, पाण्याने होते, आणि त्यामागचे कारण नातेवाइकांना समजावले तर ते सलाइनच्या बाटल्यांवरून कुरकुर करत नाहीत. वाढलेले कॅल्शियम मूत्रपिंडाला पाणी राखू देत नाही. रुग्णाला लघवी भरपूर होते, तहान लागते, पण मळमळ आणि गुंगीमुळे पाणी पोटात जात नाही. शरीर कोरडे पडले की मूत्रपिंडाकडून गाळले जाणारे रक्त कमी होते, कॅल्शियम बाहेर पडणे आणखी घटते आणि ते अधिकच चढते. हे चक्र तोडण्यासाठी साधे सलाइन पहिल्या तासांत एक ते दोन लिटर आणि पुढे ताशी १५० ते ३०० मिलिलिटर अशा वेगाने, लघवीच्या मापावर लक्ष ठेवून देतात. हृदय दुबळे असेल तर हात आवरता घ्यावा लागतो. सलाइनबरोबर फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारे औषध सर्रास देण्याची जुनी पद्धत आता मागे पडली आहे. अंगात पाणी साचले असेल तरच ते द्यायचे, नाहीतर कोरडे पडलेले शरीर आणखी कोरडे होते.

बद्धकोष्ठ, सुस्ती, असंबद्ध बोलणे ही सगळी वाढलेल्या कॅल्शियमची लक्षणे घरच्यांना आजाराचा थकवा किंवा मॉर्फिनचा परिणाम वाटतात. बाईंना आठवडाभर शौचास झाली नव्हती आणि त्या मुलाला त्याच्या मामाच्या नावाने हाक मारत होत्या.

सलाइन चालू असतानाच हाडांवरचे औषध द्यायचे असते, कारण त्याला वेळ लागतो. तोपर्यंतचा काळ कॅल्सिटोनिन हे कॅल्शियम उतरवणारे संप्रेरक सांभाळते. सॅमन माशाच्या कॅल्सिटोनिनची रचना माणसाच्या संप्रेरकापेक्षा प्रभावी असते. वजनाच्या दर किलोला ४ युनिट, दर १२ तासांनी, त्वचेखाली किंवा स्नायूत. चार ते सहा तासांत कॅल्शियम एक-दोन मिलिग्रॅमने उतरू लागते. साधारण दोन दिवसांत शरीर या औषधाला सरावते आणि त्याचा जोर ओसरतो, म्हणून ते पुढे ओढण्यात अर्थ नाही. हेच औषध नाकातल्या फवाऱ्याच्या रूपातही असते, पण या कामाला तो फवारा उपयोगी नाही. इंजेक्शन शीतकपाटात ठेवावे लागते, त्यामुळे सीपीआर या सरकारी रुग्णालयासमोरच्या ओळीतल्या दुकानांतून आणताना बर्फाची पिशवी बरोबर न्यावी, इतके मी नातेवाइकांना सांगून ठेवते.

मुख्य काम झोलेड्रॉनिक ॲसिडचे. ४ मिलिग्रॅम औषध १०० मिलिलिटर सलाइनमधून किमान १५ मिनिटांत शिरेवाटे देतात. ते हाडाच्या खनिजाला चिकटून बसते. ऑस्टिओक्लास्ट हाड खायला येतो, औषध त्याच्या पोटात जाते आणि तो निकामी होतो. परिणाम दोन ते चार दिवसांत दिसू लागतो आणि पुष्कळदा महिनाभर टिकतो. आधीच्या पॅमिड्रोनेटशी त्याची तुलना २००१ मध्ये प्रसिद्ध झाली: दहाव्या दिवसापर्यंत ४ मिलिग्रॅम झोलेड्रॉनिक ॲसिडने सुमारे ८८ टक्के रुग्णांचे कॅल्शियम पूर्वपदावर आणले, ९० मिलिग्रॅम पॅमिड्रोनेटने सुमारे ७० टक्क्यांचे. मूत्रपिंडाला ते बाधू शकते, त्यामुळे सलाइन आधी आणि औषध नंतर हा क्रम मोडू नये. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणारा आकडा, ४.५ च्या वर असलेल्यांना या चाचण्यांत घेतलेलेच नव्हते, हेही ध्यानात असावे. पहिल्या मात्रेनंतर एक-दोन दिवस ताप आणि अंगदुखी येते, तिला घाबरायचे कारण नाही. जबड्याच्या हाडाचा काही भाग मृत होणे हा विरळा, पण आमच्या भागात विशेष लक्ष देण्याजोगा दुष्परिणाम. मिश्रीने झिजलेले, किडलेले दात आणि त्यात जबड्यावर किरणोपचार झालेले, असे रुग्ण आमच्याकडे थोडेथोडके नाहीत. कॅल्शियम १४ असताना दंतवैद्याची भेट होईपर्यंत थांबता येत नाही. पण पहिली मात्रा दिल्यावर कुणी परस्पर दाढ काढून येऊ नये, एवढे घरच्यांच्या कानावर घालणे आपल्या हातात असते.

मूत्रपिंड थकलेले असेल किंवा झोलेड्रॉनिक ॲसिडने काम झाले नसेल तर डेनोसुमॅब. हे प्रतिपिंड ऑस्टिओक्लास्ट घडवणाऱ्या रँक-लिगँड या संदेशालाच अडवते आणि मूत्रपिंडावाटे बाहेर पडत नाही. १२० मिलिग्रॅम त्वचेखाली, मग आठव्या आणि पंधराव्या दिवशी, आणि पुढे दर चार आठवड्यांनी. अमेरिकेत २०१४ मध्ये त्याला या कामासाठी मान्यता मिळाली. त्यामागचा अभ्यास अवघ्या ३३ रुग्णांचा होता, त्यांच्यावर आधीची औषधे चालली नव्हती आणि तरीही २१ जणांना दहा दिवसांत प्रतिसाद मिळाला. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांना सहा महिन्यांनी देतात तेही डेनोसुमॅबच, पण ६० मिलिग्रॅमचे. औषधाच्या चिठ्ठीवर मात्रा स्पष्ट लिहिलेली नसेल तर दुकानात गफलत होऊ शकते.

स्टिरॉइड सर्वांना नाही. लिम्फोमातले कॅल्सिट्रायॉल किंवा ड जीवनसत्त्वाची विषबाधा हे कारण असेल तिथे प्रेडनिसोलोन उत्तम काम करते. पीटीएचआरपी सोडणाऱ्या तोंडाच्या कर्करोगात ते देऊन साखर वाढण्यापलीकडे फारसे काही पदरात पडत नाही. लिम्फोमाचा नुसता संशय असेल तर गाठीचा तुकडा तपासायला घेण्याआधी स्टिरॉइड सुरू करू नये, कारण मग निदानच धूसर होते. सिनाकॅल्सेट हे पीटीएच दाबणारे औषध पॅराथायरॉइडच्या गाठींसाठी. म्हणजे पुन्हा पीटीएचच्या त्या एका आकड्यावर येऊन थांबावे लागते.

आणि दूध. हा प्रश्न कोल्हापुरात टळत नाही. गंगावेशीच्या कट्ट्यावर उभ्याउभ्या म्हशीचे धारोष्ण दूध पिणाऱ्यांचे हे गाव. ज्या घरात गोठा आहे तिथे आजारी माणसाला पेलाभर दूध देणे हीच सेवा मानतात. "कॅल्शियम वाढलंय म्हणं, मग दूध बंद करायचं का?" असे त्या मुलानेही विचारले, आणि विचारण्यापूर्वी बंद करूनही टाकले होते. पीटीएचआरपी ग्राहीला बसत असले तरी पीटीएचइतके कॅल्सिट्रायॉल वाढवत नाही. या रुग्णांत ते बहुधा कमीच असते, त्यामुळे आतड्यातून कॅल्शियम शोषले जाणे आधीच मंदावलेले असते. चढलेले कॅल्शियम पेल्यातून आलेले नसून हाडांतून आलेले असते. प्रौढ शरीरात जवळपास किलोभर कॅल्शियम असते आणि त्यातले ९९ टक्के हाडांत. नीट गिळताही न येणाऱ्या बाईंच्या पोटात जाणारे जे चार घोट पोषण, तेवढेच तोडण्यात काय मिळवायचे? मी त्याला दूध पुन्हा सुरू करायला सांगितले. गोळ्या आणि पुड्या मात्र बंद. तिच्या जागी लिम्फोमाचा रुग्ण असता आणि कॅल्सिट्रायॉल चढलेले असते, तर माझे उत्तर नेमके उलट असते.

कॅल्शियम उतरले म्हणजे पीटीएचआरपी उतरले, असे नाही. ही सगळी औषधे हाडाचे दार बंद करतात. गाठ आपले काम चालूच ठेवते. संप्रेरकाची पातळी खाली येते ती शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा केमोथेरपीने गाठ आवळली तरच. मायलोमा, लिम्फोमा, स्तनाचा कर्करोग यांत अशी आशा बऱ्याचदा असते. पसरलेल्या चपट्या पेशींच्या कर्करोगात कॅल्शियम चढणे ही आजार पुढे गेल्याची खूण असते आणि तिथून पुढचा काळ बहुधा आठवड्यांत किंवा थोड्या महिन्यांत मोजावा लागतो. हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी सांगायचे असते, प्रयोगशाळेने नव्हे. पण विचारले तर मी खोटे बोलत नाही. अशा रुग्णाचेही कॅल्शियम उतरवावे या मताची मी आहे, कारण गुंगी उतरते, पोट साफ होते आणि माणूस घरच्यांशी बोलू शकतो. त्या बाई सहाव्या दिवशी मुलाला त्याच्या स्वतःच्या नावाने हाक मारू लागल्या.

पहिले काही दिवस कॅल्शियम, क्रिएटिनिन, फॉस्फेट आणि मॅग्नेशियम रोज पाहावे, पुढे आठवड्याला. झोलेड्रॉनिक ॲसिडची दुसरी मात्रा सात दिवसांच्या आत देऊ नये. डेनोसुमॅब दिले असेल आणि ड जीवनसत्त्व मुळात कमी असेल, जसे या बाईंचे होते, तर कॅल्शियम मर्यादेच्या खाली घसरून बोटांना मुंग्या येणे किंवा हातापायांत गोळे येणे संभवते. तसे काही वाटले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रक्त द्यायला यावे.